डांगची भाषा नेमकी कुणाची?

सुरतेतल्या आम्हा मराठी मंडळींना डांग म्हटलं की सापुतारा आठवतो. पावसाळ्यात जायचं, वघईजवळचा गिरा धबधबा बघायचा, फोटो काढायचे, परत यायचं. पण तिथे लोक कोणती भाषा बोलतात, हे कितीजणांनी विचारलंय?

डांग म्हणजे सह्याद्रीच्या उत्तर टोकाचा जंगलपट्टा. पूर्णा, अंबिका या नद्या इथूनच पश्चिमेकडे वाहतात. पूर्वेला महाराष्ट्र, पश्चिमेला नवसारी. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २,२८,२९१ होती. गुजरातमध्ये सर्वांत कमी. त्याच वर्षी एकट्या सुरत शहरात ४४ लाखांहून जास्त माणसं होती! डांगमध्ये शंभरातले ९४ हून अधिक लोक आदिवासी आहेत : भिल्ल, कुकणा, वारली, गामित, कोटवाळिया. घरात डांगी किंवा कुकणा, शाळेत गुजराती, सीमेपलीकडच्या बाजारात मराठी. एकाच माणसाच्या तोंडी तीन-तीन भाषा.

आता भांडणाचा मुद्दा. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात, १९०७च्या खंडात, डांगी आहे ती भिल्ली भाषांसोबत, खानदेशीच्या पोटात. म्हणजे ना थेट मराठीत, ना गुजरातीत. तरी भाषावार प्रांतरचनेच्या काळात दोन्ही बाजूंनी तिच्यावर हक्क सांगितला. शेवटी १९६० साली डांग गुजरातेत गेला. वाद नकाशापुरता मिटला. डांगी मात्र होती तिथेच राहिली.

माझ्या घरात अहिराणी बोलतात, म्हणून डांगी कानावर पडली की अर्धीअधिक कळते. पण कळते म्हणजे आपली झाली, असं नाही. आपण तिला 'अशुद्ध मराठी' म्हणतो, तेव्हा तेच करतो जे पुण्याची माणसं आमच्या अहिराणीला करतात.

हा नुसता अस्मितेचा प्रश्न नाही. डांगमधली कितीतरी कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीसाठी बारडोलीकडे, म्हणजे आपल्या सुरत जिल्ह्यात येतात. सोबत मुलंही येतात. शाळेची भाषा आधीच परकी, त्यात वर्षातले काही महिने शाळाच सुटते. पहिली-दुसरीत त्या पोरांशी कुणी त्यांच्या बोलीत बोललं, तर वर्गात बसायची भीती थोडी तरी कमी होईल.

तेव्हा पुढच्या सहलीला सापुताऱ्याला गेलात, तर चहाच्या टपरीवर एवढं विचारा, "तुम्ही घरी काय बोलता?" आणि उत्तर ऐकल्यावर, ते मराठी की गुजराती, हे ठरवायची घाई करू नका.