आपला संघ कोणता?

दादऱ्याच्या माणसाने ‘आमचा संघ’ म्हणून कोणाचा जयघोष करावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आमचा दादरा म्हणजे दादरा, डेमणी व तिघरा ही तीन गावे. चोहोंकडे गुजरात, आणि नगर हवेलीशीही भूमी सलग नाही. १९५४ साली पोर्तुगीज अंमल संपला, १९६१ साली आपण भारतात रीतसर विलीन झालो व २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह आपला एकच केंद्रशासित प्रदेश झाला. त्या प्रदेशाच्या नावाने जो संघ उतरेल तो आपला, असे कागद सांगतो.

मन मात्र कागदाचे ऐकतेच असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये व पुन्हा मे २०२५ मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर देशभरचे खेळाडू वाळूवरील खेळांसाठी जमले. यजमानपण आपल्या प्रदेशाचे. परंतु दादऱ्यास समुद्र कोठला? खंबायतच्या आखातापलीकडील ती वाळू तुडविलेली मुले आपल्याकडे थोडीच.

म्हणून माझी दृष्टी सह्याद्रीच्या रांगांकडे वळते. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तेथील कविता राऊत ही अनवाणी धावत मोठी झाली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धांत धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. त्याच वर्षी ग्वांगझौ येथील आशियाई स्पर्धेत मैदानाच्या पंचवीस फेऱ्या घालून ती दुसरी आली. पहिली आलेली केरळची प्रीजा श्रीधरन तिच्यापुढे एक सेकंदही नव्हती! पराभव म्हणावा तर असा.

पलीकडच्या डांगातही तेच. करडीआंब्याची सरिता गायकवाड प्रथम खो-खो खेळे. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत चार गुणिले चारशे मीटर शर्यतीच्या सुवर्णपदकात तिचा वाटा होता. मुरली गावित याने २०१९ साली दोहा येथे दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी नेपाळचा ७८-४० असा पराभव करून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, त्या संघात डांगची ओपिना भिलार होती.

वाचकहो, हीच नागलीची भाकर, हाच चढ-उतार आणि डोक्यावरचा हाच पाण्याचा हंडा आपल्या खानवेल-दुधनीकडील मुलींच्याही वाट्याला आहे. मग त्यांची नावे वर्तमानपत्रात का येत नाहीत? पायांत जोर नाही म्हणून खचित नव्हे. कविताला नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले. आपल्याकडे मुलगी शाळेच्या शर्यतीत पहिली येते, प्रमाणपत्र भिंतीवर लागते, आणि दहावी आटोपताच कारखान्याची पाळी नाही तर लग्नाची बोलणी पुढ्यात येतात. मुलांस निदान सुट्टीच्या दिवशी चेंडू मिळतो. मुलीच्या हाती मात्र सांजवेळेस चूलच येते. आईबापांस दोष देणे सोपे आहे. पण पोटाची काळजी वाहणाऱ्या बापास धावण्याचे भविष्य कोणी कधी दाखविले आहे?

येथे देवमंदिराच्या अंगणाचा विचार मनात येतो. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना शर्यतीचाच दाखला घेतला, आणि पोप जॉन पॉल दुसरे हे तरुणपणी फुटबॉलचे गोलरक्षक होते. तेव्हा खेळ हा आपल्या घराण्यास परका नाही. तरी फेस्ताच्या दिवशी मिस्सेनंतर मुलांचा फुटबॉल रंगतो आणि मुली कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवितात.

पुढील फेस्तास मुलींच्या शर्यतीसाठीही एक चषक ठेवावा, अशी सूचना मी धर्मग्रामाच्या सभेत मांडली आहे. चषक लहान असला तरी चालेल. अंतर मात्र तीन मैलांहून कमी नको.