डाळिंब आधी धुवा, मग फोडा!
फळा-भाज्यांवर उरणाऱ्या औषधांच्या काही चटपटीत गोष्टी

सांगोल्याचं डाळिंब, कासेगावची द्राक्षं, मंडईतली वांगी, भेंडी, कोबी. या पिकांवर कीड-रोगासाठी औषध मारावं लागतंच. त्यातलं आपल्या ताटापर्यंत किती येतं आणि कमी कसं करायचं, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

शंभर टनांत एक ग्रॅम. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच चालतो. म्हणजे दहा-दहा टनांचे दहा ट्रक भरून डाळिंब आणि त्या सगळ्यावर मिळून एक ग्रॅम औषध!

साल टाकतो, पण तपासतात सालीसकट. डाळिंबाचे आपण फक्त दाणे खातो. अंशाची तपासणी मात्र अख्ख्या फळाची होते. न धुता फळ कापलं, तर सालीवरचं औषध सुरीबरोबर दाण्यांना लागू शकतं. म्हणून धुणं आधी, फोडणं नंतर.

चोरांसाठी आलं, रोगावर चाललं. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी बागायतदार मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. त्याचा जन्म फ्रान्सच्या बोर्डो भागातला. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून तिथे रस्त्याकडेच्या वेलींवर असं मिश्रण मारत. त्याच वेली केवडा रोगापासून वाचल्याचं मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५मध्ये त्याने हा उपाय जाहीर केला.

बहार बदला, फवारण्या घटवा. तेल्याला पावसाळी, दमट हवा मानवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणाऱ्या हस्त बहाराची फळं कोरड्या दिवसांत पोसतात, त्यामुळे रोग कमी आणि औषधही कमी. सोलापूरजवळ केगावला २००५पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. बहाराची निवड, बागेची स्वच्छता आणि रोगमुक्त रोपं यांवर तिथला भर असतो.

भेंडीची अडचण. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे औषधाच्या लेबलवर छापलेलं असतं. तेवढ्या दिवसांत अंश बराच विरतो. डाळिंबाला सहाएक महिने लागतात, तिथे थांबता येतं. भेंडी मात्र दर दोन-तीन दिवसांनी तोडावी लागते, वांगीही थोड्या थोड्या दिवसांनी. त्यामुळे या भाज्या धुताना हात आखडू नका.

२०१०चा धडा. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेबाहेर सापडले. हे कीटकनाशक नाही, वेलीची वाढ आवरणारं संजीवक आहे. माल अडकला आणि बागायतदार पोळले. निर्यातीच्या द्राक्षांसाठी ‘ग्रेपनेट’ या नोंदणी प्रणालीवर बागेची नोंद होते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि पेटीवरून थेट बाग शोधता येते.

पांढरी झाक म्हणजे औषधच नव्हे. द्राक्षावरचा तो पांढुरका थर बहुतेक वेळा फळाचं स्वतःचं नैसर्गिक मेण असतं. तरी धुवायला विसरू नका!

नळाचं पाणी कामाचं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या संशोधन केंद्राने २०००मध्ये पाहिलं, तर नुसत्या वाहत्या पाण्याने १२पैकी ९ औषधांचे अंश घटले. २०१७मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदं खायच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरचे अंश निघाले. आत मुरलेलं औषध मात्र सोड्यानेही निघत नाही. कोबीची वरची पानं काढून टाका.

कांद्याची चिंता कमी. सोलापूरची बाजार समिती कांद्यासाठी राज्यात नावाजलेली. अमेरिकेत दरवर्षी निघणाऱ्या ‘सर्वांत कमी अंशाच्या’ यादीत कांदा नेहमी झळकतो. वरची सालं तर आपण टाकूनच देतो.

सर्वांत आधी झळ फवारणाऱ्याला. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध कमी झालं, तर पहिला फायदा त्यांचा.

भीतीपोटी फळं-भाज्या सोडू नका. त्या खायलाच हव्यात. पण परदेशी जाणाऱ्या द्राक्षाची बागवार तपासणी सक्तीची आणि आपल्या मंडईतल्या मालाला ती नाही, हे बरोबर नाही. सोलापूरकरांनो, विक्रेत्याला विचारा, बाजार समितीकडे तपासणीची मागणी लावून धरा. लंडनच्या मुलाला मिळणारं निर्धोक द्राक्ष पंढरपूरच्या मुलालाही मिळालंच पाहिजे.