नदीपलीकडचा कायदा

पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी या अमेरिकेतल्या दोन राज्यांच्या मधून डेलावेअर नदी वाहते. पुलावरून गाडी पलीकडे जायला मिनिटभरही लागत नाही. ना नाका, ना शिपाई. ‘न्यू जर्सीत आपले स्वागत असो’ अशी एक पाटी दिसते, इतकंच. त्या पाटीला काही अर्थ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझी मुलगी नदीच्या अलीकडे राहते आणि आमचे निम्मे नातेवाईक पलीकडे, एडिसनला. त्यामुळे उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो की तो पूल ओलांडणं हे पुण्याहून पिंपरीला जाण्याइतकंच नित्याचं.

गेल्या खेपेला असेच निघालो होतो. एडिसनला सत्यनारायण होता. गाडी जावई चालवत होते, शेजारी मी. मागे मुलगी, आमची ही आणि मध्ये चार वर्षांची नात. पूल दोन-तीन मैलांवर असेल, तोच नातीनं आंब्याच्या रसाचा डबा नव्या परकरावर उपडा केला. मागून हिचा आवाज आला, “अहो, कागदी रुमाल द्या ना पुढचे!” मी समोरचा कप्पा उघडला. रुमाल होते, पण त्यांच्यावर एक काळी, चेन लावलेली पिशवी होती. ती उचलली तर हाताला चांगलीच जड लागली. आकार कळायला चेन उघडावी लागली नाही.

जावयांनी एकदाच माझ्या हाताकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. “बाबा, ते होतं तिथे ठेवा. हात लावू नका,” एवढंच ते म्हणाले. पुढचा फाटा येताच त्यांनी गाडी वळवली आणि आम्ही मुकाट्यानं घरी परत आलो. एडिसनला मुलीनं फोन करून सांगितलं, “चाक पंक्चर झालं.” नातीला प्रसाद बुडाल्याचं दुःख झालं. बाकी कोणी काही बोललं नाही.

पिस्तूल बेकायदा नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका घरी चोरी झाली, त्यानंतर मुलीचा विरोध असताना जावयांनी ते घेतलं होतं. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि पेनसिल्व्हेनियाचा बाळगण्याचा परवानाही आहे. आदल्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर जाऊन आले आणि पिशवी कप्प्यातच राहिली. नदीच्या अलीकडे त्यात काडीचाही गुन्हा नव्हता. मग एवढं घाबरायचं कशाला?

तेच मी संध्याकाळी विचारलं. त्यांनी कागदांचा एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. सारा जन्म बँकेची परिपत्रकं वाचण्यात गेल्यामुळे कलमं, पोटकलमं आणि ‘तथापि’ यांची मला भीती वाटत नाही. रात्री अकरापर्यंत वाचत बसलो आणि वाचता वाचता माझ्याही पोटात गोळा आला.

अमेरिकेच्या घटनेतली 1791 ची दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क देते, हे आपल्याला ऐकून माहीत असतं. पण परवाना कोणाला, कसा, कुठे, हे ज्याचं त्याचं राज्य ठरवतं. आज निम्म्याहून अधिक राज्यांत पिस्तूल जवळ बाळगायला परवानाच लागत नाही. व्हरमाँटमध्ये तर तो कधीच लागत नव्हता. आणि न्यू जर्सी दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही. तिथे विनापरवाना पिस्तूल सापडलं तर शिक्षा पाच ते दहा वर्षांची, आणि त्यातला मोठा भाग भोगल्याशिवाय सुटका नाही. ‘विसरलो होतो’ या सबबीवर विसंबण्यात शहाणपण नाही. वर जावई नागरिक नाहीत. परक्या नागरिकाला शस्त्राच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर त्याला देशाबाहेर काढता येतं. म्हणजे त्या पुलाच्या पलीकडे घर, नोकरी, नातीची शाळा, सगळंच पणाला लागलं असतं.

आपल्याला हे विचित्र वाटतं, पण वाटायला नको. दमणला राजरोस विकत घेतलेली बाटली घेऊन गुजरातेत शिरलं की काय होतं, हे वापीच्या रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही विचारा. बाटली तीच, माणूसही तोच. बदलते ती फक्त पाटी.

मग राज्याराज्यांतून प्रवास करणाऱ्यानं करायचं काय? त्यासाठी 1986 साली अमेरिकेच्या काँग्रेसनं एक केंद्रीय कायदा केला. जिथून निघालात आणि जिथे पोहोचणार आहात, त्या दोन्ही ठिकाणी ते शस्त्र बाळगणं तुम्हाला कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ते नेता येतं. अट अशी, की त्यात गोळ्या भरलेल्या नकोत आणि पिस्तूल वा गोळ्या बसलेल्या माणसाच्या हाताशी नकोत. म्हणजे डिकीत ठेवायचं. डिकी वेगळी नसेल तर कुलपाच्या पेटीत. आणि पुढे कायदा स्पष्ट म्हणतो की ही पेटी म्हणजे समोरचा कप्पा नव्हे. हे वाक्य मी दोनदा वाचलं. शिवाय आमचं जायचं ठिकाणच न्यू जर्सीत, म्हणजे या कायद्याचं छत्र तसंही आमच्या कामाचं नव्हतं.

छत्र किती तोकडं आहे, हे 2005 च्या एका घटनेवरून कळतं. यूटा राज्यातला एक प्रवासी विमानानं पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. नियमाप्रमाणे कुलपाच्या पेटीत, सामानात नोंदवून पिस्तूल नेत होता. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला त्याचं पुढचं विमान चुकलं. बॅग हातात आली, रात्र हॉटेलात काढली. सकाळी विमानतळावर त्यानं प्रामाणिकपणे ‘बॅगेत पिस्तूल आहे’ असं सांगितलं आणि त्याला अटक झाली. पुढे खटला मागे घेतला गेला. पण त्यानं भरपाईचा दावा लावला तेव्हा 2010 मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं, की रात्रभर बॅग हाताशी होती, तेव्हा केंद्रीय कायद्याचं संरक्षण लागू नाही. 

दुसरी घटना आमच्या पुलाला अधिक जवळची. 2013 मध्ये फिलाडेल्फियाची एक स्त्री, दोन मुलांची आई, अटलांटिक सिटीजवळ वाहतुकीच्या किरकोळ कारणासाठी थांबवली गेली. तिनं आपण होऊन पोलिसाला सांगितलं, की पर्समध्ये पिस्तूल आहे आणि हा पेनसिल्व्हेनियाचा परवाना. तो परवाना नदीअलीकडेच संपला होता, हे तिच्या गावी नव्हतं. काही आठवडे तुरुंगात गेले, आणि 2015 मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी माफी दिली तेव्हा कुठे ती मोकळी झाली.

हे वाचताना मला माझं स्वतःचं 1986 आठवलं. मी तेव्हा एका तालुक्याच्या शाखेत नवखा अधिकारी होतो. शाखेच्या बाराबोअर बंदुकीचा परवाना मॅनेजरसाहेबांच्या नावावर होता. नूतनीकरणासाठी बंदूक जिल्ह्याच्या गावी न्यायची होती आणि साहेब आजारी. ते काम माझ्यावर आलं. चादरीत गुंडाळलेली बंदूक मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसलो. स्टँडवर एका हवालदारानं हटकलं. “काय आहे हो यात?” मी सांगितलं. “परवाना तुमचा?” “नाही.” माझे पाय लटपटत होते. खिशातून साहेबांनी सहीशिक्क्यानिशी दिलेलं पत्र काढलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, “हे पत्र हरवू नका. यावरच तुम्ही बाहेर आहात.” पुढे कळलं की 1959 च्या आपल्या शस्त्र कायद्याच्या तिसऱ्या कलमातच ती सवलत आहे: परवानाधारकाच्या लेखी अधिकारानं दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी दुसऱ्याला शस्त्र नेता येतं. मला कायदा ठाऊक नव्हता. साहेबांना होता, म्हणून मी वाचलो.

त्या रात्री जावयांशी याच मुद्द्यावर थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, गाडी चालवण्याचा परवाना सगळ्या राज्यांत चालतो, मग हा का नको? तशी मागणी तिकडेही जुनी आहे. 2017 मध्ये तसं विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं, पण सेनेटमध्ये पुढे सरकलं नाही. त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण दाट वस्तीच्या न्यू जर्सीनं आपल्या रस्त्यांवर कोणी काय घेऊन फिरावं हे स्वतः ठरवायचं म्हटलं, तर त्यालाही चूक कसं म्हणावं? 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथेही परवाना मिळणं थोडं सोपं झालं आहे. पण तो तिथला घ्यावा लागतो, पलीकडचा चालत नाही.

मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “कायद्याचं राहू दे. आज रुमाल बाबांनी काढले. उद्या ही काढेल.” ही म्हणजे नात. गठ्ठ्यात इतकी पानं होती, पण या वाक्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. जावयांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ते कुलपाची लोखंडी पेटी घेऊन आले. पिस्तूल विकावं असं मुलीचं म्हणणं आहे, जावयांचा निर्णय अजून व्हायचा आहे. मी मध्ये पडलो नाही. घर त्यांचं आहे.

पुढच्या रविवारी एडिसनला प्रसादासाठी पुन्हा निघालो. गाडी सुरू करण्याआधी जावयांनी समोरचा कप्पा उघडला, आत हात फिरवला आणि रुमालांचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला. मी काही बोललो नाही. पूल आला, पाटी आली. या वेळी मी ती अक्षर न् अक्षर वाचली.