कच्च्या लिंबांचा डाव

धाकट्या भावंडांना खेळात घ्यायचंच, अशी घरून ताकीद असे. आणि घेतलं की ती पहिल्याच फेरीत आऊट होऊन भोकाड पसरत. त्यावर गल्लोगल्ली एकच तोडगा होता : त्याला कच्चं लिंबू करायचं. कच्चं लिंबू पळतं, लपतं, ओरडतं, पण आऊट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. आपण कच्चं लिंबू आहोत हे त्याला स्वतःला बहुधा माहीतही नसतं.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सांगलीच्या आमच्या गल्लीत अचानक सगळेच कच्ची लिंबं झाले. त्याला कारण ही-मॅन. फिल्मेशन या अमेरिकन कंपनीनं १९८३ ते १९८५ या काळात त्याचे १३० भाग काढले होते. आमच्यापर्यंत ते दूरदर्शनवरून काही वर्षं उशिरा, आणि इंग्रजीत पोचले. इंग्रजी कळत नव्हतं, त्यानं काही अडलंही नाही. राजपुत्र तलवार वर धरतो, वीज कडाडते, त्याचा ही-मॅन होतो आणि शेपूट घालणारा क्रिंजर वाघ गुरगुरणारा बॅटलकॅट होतो. कवटीच्या तोंडाचा स्केलेटर कट रचतो, फसतो आणि मुठी आपटत पळून जातो. पुढच्या भागात पुन्हा हजर. हातात एवढी मोठी तलवार असून ही-मॅन शत्रूंना उचलून चिखलात फेकण्यावरच भागवायचा. तिकडच्या वाहिन्यांचे मुलांच्या कार्यक्रमांबद्दलचे दंडक कडक होते, हे आम्हाला फार पुढे कळलं. तेव्हा वाटायचं, हा फारच सभ्य माणूस आहे.

फिल्मेशनवाले काटकसरीचे. धावण्याचं तेच चित्र, ठोसा मारण्याचं तेच चित्र, प्रत्येक भागात पुन्हा वापरलेलं. जाणकार त्याला नावं ठेवतात. मला मात्र वाटतं, त्या काटकसरीमुळेच ती मालिका गल्लीत उतरली. आरती जशी रोज ऐकून पाठ होते तशी ही-मॅनची प्रत्येक अदा आम्हाला पाठ झाली होती. फूटपट्टी वर धरली की काम झालं.

पण गल्लीतल्या खेळात एक भांडण रोज व्हायचं आणि ते कधीही मिटलं नाही.

"लागलं!"

"नाही लागलं. माझ्याकडे ढाल होती."

"ढाल कधी घेतलीस?"

"आत्ताच."

यापुढे एकतर टॅम्प्लीज, नाहीतर मारामारी, खरी. कोण खरं, हे ठरवणारा कुणी नव्हता. ठरवायला कुणी हवं, असंही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीला आम्ही आजोळी, साताऱ्याला. तिथे भांडणाचा विषय बदलायचा, कारण साताऱ्यातली दिवाळी म्हणजे किल्ला. मागे खराखुरा अजिंक्यतारा उभा, आणि अंगणात विटा, दगड, गोणपाट आणि चिखल यांचा आमचा. त्यावर अळीव पेरायचे, म्हणजे चार-पाच दिवसांत हिरवळ येते. कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे तटावर, महाराज सिंहासनावर. महाराज मावळ्यांच्या दुप्पट. पायथ्याच्या गुहेत प्लास्टिकचा वाघ, तो महाराजांच्याही दुप्पट. शेजारच्या शेतात बैलजोडी, आणि रस्त्यावर एक मोटार, कारण ती घरात होती. कुणी मोठ्या माणसानं "शिवाजी महाराजांच्या काळात मोटार?" असं विचारलंच तर मामा सांगायचा, "राहू दे रे, त्यांचा किल्ला आहे."

त्या वाघाची आठवण मला पुढे एका अनपेक्षित ठिकाणी झाली. ही-मॅनची बाहुली आधी आणि कार्टून नंतर, हे आता सर्वांना ठाऊक आहे. मॅटेल कंपनीनं ती खेळणी १९८२मध्ये बाजारात आणली होती. त्या खेळण्यांत वाघ कुठून आला? तर त्याच कंपनीच्या 'बिग जिम' नावाच्या जुन्या, आकारानं मोठ्या बाहुल्यांच्या संचात एक वाघ होता. त्याचा साचा तयार पडला होता. तो नव्या बाहुलीच्या मानानं अवाढव्य दिसायला लागला, तेव्हा त्याच्या पाठीवर खोगीर चढवलं आणि नायकाला वर बसवलं. झाला बॅटलकॅट. म्हणजे ज्या वाघासाठी आम्ही जीव टाकत होतो तो किल्ल्यावरच्या मोटारीसारखाच, घरात होता म्हणून आला होता.

हा धंदा होता, यात शंका नाही. १९८४मध्ये अमेरिकेच्या सरकारी संपर्क आयोगानं मुलांच्या दूरचित्रवाणीवरची जाहिरातींची बंधनं उठवली आणि खेळण्यांवर बेतलेल्या मालिकांची रांग लागली. 'ट्रान्सफॉर्मर्स', 'जी. आय. जो', 'थंडरकॅट्स', १९८६मध्ये 'सेंच्युरियन्स'. जी. आय. जोमध्ये तर दोन्ही बाजू तासन्‌तास लाल-निळ्या किरणांचा मारा करत, विमानं धडाधड कोसळत, आणि प्रत्येक विमानातून वैमानिक छत्री उघडून सुखरूप बाहेर. भागाच्या शेवटी बोधाचा एक तुकडा : अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका, आगीशी खेळू नका. वीस मिनिटं खेळणी विकल्यावर घेतलेलं ते प्रायश्चित्तच असावं. आपल्याकडे १९९७मध्ये 'शक्तिमान' आला, त्यालाही 'छोटी छोटी मगर मोटी बातें' असं शेपूट होतं. नखं कापली नाहीत म्हणून पडद्यावरचं पोर "सॉरी शक्तिमान" म्हणे आणि इकडे आया खूश.

१ मे १९९५ला भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं. दिवसा कार्टून आणि रात्री त्याच वाहिनीवर जुने इंग्रजी सिनेमे. मी तोवर कॉलेजात गेलो होतो, तेव्हा धाकट्या मावसभावांना सांभाळण्याच्या नावाखाली मी पुढच्या काही वर्षांत 'सेंच्युरियन्स' आणि 'स्वॅट कॅट्स' पाहून घेतले. फन्स्कूलच्या जी. आय. जो बाहुल्याही तेव्हा दुकानांत दिसत. मूळ साच्यांत निघालेल्या, पण रंग भलतेच. आता परदेशातले संग्राहक नेमके ते भलते रंगच शोधत असतात म्हणे. पुन्हा तीच किल्ल्यावरची मोटार.

त्यानंतर बरीच वर्षं मी या सगळ्याला रामराम ठोकला होता. मग एका मित्रामुळे टेबलावर बसून खेळायच्या भूमिकांच्या खेळांशी ओळख झाली. ज्यांना तो प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतात. एक जण गोष्ट चालवतो, "तुम्ही गुहेत शिरलात, आत कुणीतरी घोरतंय, आता काय करता?" असं विचारतो. बाकीचे एकेक पात्र होऊन उत्तर देतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४मध्ये काढलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा यातला आद्य खेळ. तो युद्धाच्या पटखेळांतून निघाला, त्यामुळे त्याच्या हाडात हिशेब आहे आणि मृत्यूही. पात्र मरू शकतं. १९८३मध्ये या खेळावरच एक कार्टून निघालं, २७ भागांचं, आणि गंमत अशी की त्यातली पोरं काही मरत नाहीत.

उलट दिशेनं जाणारा, म्हणजे कार्टूनवरून बेतलेला खेळ या शतकाच्या सुरुवातीला आला : सिंथिया सेलेस्ट मिलर यांचा 'कार्टून अ‍ॅक्शन अवर'. स्पेक्ट्रम गेम्सनं काढलेला. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांना 'सीझन' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे, कारण इथे तुम्ही मोहिमेवर जात नाही, तुम्ही १९८०च्या दशकातली एक मालिका तयार करता, जी कधी दाखवलीच गेली नाही. तिचं नाव, तिची भाषा, तिचा खलनायक, सगळं मंडळींनी मिळून ठरवायचं. बाराकोनी फासा टाकायचा, आपल्या अंगच्या गुणाचा आकडा त्यात मिळवायचा. आणि मरण नाही. हरणं आहे, खड्ड्यात पडणं आहे, पिंजऱ्यात अडकणं आहे. पुढच्या प्रसंगात तुम्ही परत. बोधाच्या शेपटालाही मुभा आहे.

वाचता वाचता मी हसलो. सगळ्यांना कच्चं लिंबू करून खेळ रंगतो, हे कुणीतरी नियमावलीत लिहून ठेवलं होतं. आणि "लागलं, नाही लागलं" या भांडणाचा निकालही तिथेच होता : फासा, आणि गोष्ट चालवणारा माणूस.

हा माणूस मात्र सांगलीला नवा नाही. ५ नोव्हेंबर १८४३ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला, तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी भाव्यांना तसंच काही मराठीत करायला सांगितलं. शाळेत आपल्याला एवढंच शिकवतात. ते नाटक प्रत्यक्षात चालायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. भाव्यांनी पद्यं लिहिली होती, संवाद लिहिलेच नव्हते. सूत्रधार पद्यातून कथाभाग गाऊन सांगे : रावण आला, धनुष्याकडे पाहून असं असं म्हणाला. मग रावण झालेला नट त्या आशयाचं भाषण स्वतःच्या शब्दांत, तिथल्या तिथे करी. त्या त्या दिवशी जीभ चालेल तसं. म्हणजे "आता काय करता?" हा प्रश्न सांगलीच्या दरबारात डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १३१ वर्षं आधी विचारला जात होता.

आणि खेळाचा थाट तरी कसा? त्या काळच्या नाटक मंडळ्यांत देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी अशी सरळ वाटणी असे. राक्षसपार्टीवाला राळेच्या भपक्यात, अलल्लडुर्र अशा आरोळ्या ठोकत, तलवार फिरवत शिरायचा. स्केलेटरला यापेक्षा वेगळं काय करता येत होतं? भाव्यांनी याच कथेसाठी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. त्या पुढे रामदास पाध्ये यांनी पुन्हा खेळवल्या. बाहुल्या, राक्षस, आरोळ्या. खोगिराचा वाघ तेवढा राहिला.

नंतर संहिता आली. १८६१मध्ये वि. ज. कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' आलं; लिहिलेल्या नाटकांना लोक 'बुकिश' म्हणू लागले. सुरुवातीला त्या शब्दात थोडी कुचेष्टा होती. १८८०मध्ये किर्लोस्करांचं 'शाकुंतल' उभं राहिल्यावर कुचेष्टा संपली आणि अलल्लडुर्रच हास्यास्पद ठरलं. आयत्या वेळी बोलण्याची हातोटी तमाशाच्या बतावणीत टिकली. शहाण्यांच्या रंगमंचावर ती चूक समजली जाऊ लागली.

म्हणून 'हे तर आमच्याकडे आधीच होतं' अशी कॉलर ताठ करायला मी तयार नाही. भाव्यांच्या प्रेक्षकांना शेवट ठाऊक होता. धनुष्य रामच मोडणार, रावणाची जीभ कितीही चालो. टेबलावर तो शेवट कुणालाच ठाऊक नसतो. शिवाय दरबारात बोलायचा हक्क नटांचा होता, बघणाऱ्यांचा नव्हता. मला त्या दोन्हींत दिसतं ते सारखेपण एवढंच : गोष्ट एकानं धरून ठेवायची आणि बोलणं दुसऱ्यावर सोपवायचं. आमच्या गल्लीत बोलणारे दहा होते, धरणारा एकही नव्हता.

मागच्या एका दिवाळीत साताऱ्यालाच हा खेळ भाचरांबरोबर मांडला. बाराकोनी फासा काही जवळ नव्हता. पत्त्यांचा जोड होता. इस्पिकची पानं वेगळी काढली. एक्का ते राणी बरोबर बारा होतात, राजा बाजूला ठेवला. मध्ये सांगलीहून नेलेल्या भडंगाची परात. मालिका ठरवण्यातच तास गेला. शेवटी 'घाटरक्षक' असं नाव पक्कं झालं. कृष्णेच्या तळाशी राहणारे वीर, एकाची सुसर मोटारीत बदलते. खलनायक कोण, यावर पोरांत एकमत होईना, तेव्हा सगळ्यात धाकट्यानं बाजूला पडलेला इस्पिकचा राजा उचलला आणि म्हणाला, "हा. याला खेळात घेतलं नाही म्हणून तो चिडलाय."

याहून चांगलं कारण मला कुठल्याच कार्टूनमध्ये भेटलेलं नाही. राजानं माहुलीच्या संगमावर यंत्र बसवलं, नदी उलटी वाहायला लावली, आणि दोन वेळा घाटरक्षकांना पिंजऱ्यात टाकलं. मोठी भाची सुसरीवर बसून तटावरून उडी मारते म्हणाली आणि तिनं पान उलटलं तर एक्का, म्हणजे एकच. "पडले," ती म्हणाली, स्वतःच. वाद नाही, टॅम्प्लीज नाही. धाकट्यानं बोध सांगितला : नदीत कचरा टाकू नये, आणि कुणालाही खेळाबाहेर ठेवू नये. मग भडंग संपलं म्हणून भाग संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्यांचा बदाम-सात सुरू झाला आणि दोन डावांनंतर आत्या ओरडली, इस्पिकचा राजा कुणी घेतला? परातीखाली पाहिलं, सतरंजी झटकली. शेवटी धाकट्याला विचारलं. तो किल्ल्यावर अळिवांना पाणी घालत होता.

"तो पळून गेला," तो मान वर न करता म्हणाला.