क्लबांच्या स्पर्धेत राज्याचा संघ

कोलकात्याच्या बालीगंज भागात, गुरुसदय रोडवर ‘कलकत्ता क्रिकेट अँड फुटबॉल क्लब’ आहे. त्यातला क्रिकेट क्लब १७९२चा, फुटबॉल क्लब १८७०च्या दशकातला. १९६५ साली दोघे एकत्र आले. इंग्लंड आणि स्कॉटलंड रग्बीच्या ज्या ‘कलकत्ता कप’साठी आजही झुंजतात, तो याच फुटबॉल क्लबाची देणगी. क्लब मोडायची वेळ आली तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा चषक घडवून १८७८मध्ये इंग्लंडला पाठवला. पुढे क्लब पुन्हा उभा राहिला आणि त्याने आयएफए शील्डही अनेकदा जिंकली. या क्लबातल्या इंग्रज साहेबांच्या लेखी खेळ ही हौस होती. खेळून पोट भरायची गरज त्यांच्यापैकी कुणालाच नव्हती.

बंगाली खेळाडूने ‘हौशी’ हा शिक्का साहेबाकडून घेतला, पण त्याला पोट होतं. त्यामुळे इथली हौस नोकरीच्या आधाराने टिकली. शैलेन मन्ना मोहन बागानचे कर्णधार, पगार मात्र भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा. पी. के. बॅनर्जी पूर्व रेल्वेत, आणि खेळलेही रेल्वेकडूनच. कोलकात्याच्या तीन बड्या क्लबांपैकी एकाचीही जर्सी त्यांनी कधी चढवली नाही. कागदावर सगळे हौशी. हंगामाआधी ‘दलबदल’, म्हणजे खेळाडूंची क्लब बदलण्याची धावपळ, सुरू झाला की खेळाडूंना लपवून ठेवण्यापर्यंत मजल जायची, ती निव्वळ हौसेपोटी जात असेल यावर कुणी विश्वास ठेवू नये.

अशा नोकरदार खेळाडूंचा संघ एप्रिल १९७०मध्ये तेहरानला गेला, तोही आशियाई विजेत्या क्लबांच्या स्पर्धेत. इराणचा ताज, इस्रायलचा हापोएल तेल अवीव, लेबनॉनचा होमेनेटमेन हे क्लब एकीकडे आणि त्यांच्यात भारताचा प्रतिनिधी म्हणून चक्क एक राज्य, पश्चिम बंगाल.

याचं कारण आपल्या फुटबॉलच्या रचनेत होतं. देशभरातल्या क्लबांची लीग तेव्हा नव्हती. राष्ट्रीय लीग सुरू झाली ती १९९६मध्ये आणि फेडरेशन कपही १९७७चा. दिल्लीचा ड्युरँड, कुपरेजवरचा रोव्हर्स, कोलकात्याची शील्ड या मानाच्या स्पर्धा, पण निमंत्रितांच्या. ‘राष्ट्रीय विजेता’ म्हणता येईल असा एकच होता, संतोष ट्रॉफीचा मानकरी. १९४१पासून चालत आलेली ही स्पर्धा राज्य संघटनांची. ट्रॉफीला नाव मिळालं ते आज बांगलादेशात असलेल्या संतोष संस्थानावरून; तिथले महाराज मन्मथनाथ रायचौधरी आयएफए या बंगालच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते. म्हणून १९६९च्या आशियाई स्पर्धेसाठी बँकॉकला म्हैसूर राज्याचा संघ गेला आणि पुढच्या वर्षी सेनादलाला अंतिम सामन्यात ६-१ असं धुऊन काढणारा बंगाल.

तेहरानमध्ये बंगालला उपांत्य फेरी गाठता आली नाही. ताजने हापोएलला २-१ हरवून चषक घरीच ठेवला. पण हे अपयश फार मनावर घेण्यासारखं नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरात तेहरानचाच पास क्लब शील्ड खेळायला कोलकात्यात आला आणि ईडन गार्डन्सवरच्या अंतिम सामन्यात बदली खेळाडू परिमल डे याच्या शेवटच्या मिनिटांतल्या गोलमुळे ईस्ट बंगालकडून हरला. डिसेंबरात बँकॉकच्या एशियाडमध्ये भारताने कांस्यपदक मिळवलं. कचेरीतून रजा काढून खेळणारी ही माणसं आशियातल्या चांगल्या संघांना भारी पडू शकत होती.

महाराष्ट्राच्या वाट्याला आशियाई क्लबांशी खेळायची ही संधी आलीच नाही. आपण १९६३-६४मध्ये संतोष ट्रॉफी जिंकली; आशियाई स्पर्धा सुरू झाली १९६७ला, १९७१नंतर ती बंद पडली आणि १९८०च्या दशकाच्या मध्यात परतली तेव्हा राज्यांचे दिवस सरले होते. १९९०-९१ची आपली ट्रॉफी घरच्या कपाटातच राहिली. गोव्याचं नशीब जरा बरं. २०१४च्या जानेवारीत पोर्तुगीज भाषक देशांच्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा गोवा स्वतःच्या नावाने उतरला आणि फुटबॉलचं सुवर्णपदक घेऊन गेला.

युरोपात मात्र प्रांताच्या संघाने परदेशी संघांशी खेळायची ही कल्पना चांगली मूळ धरून आहे. युएफा १९९९पासून प्रदेशांच्या संघांसाठी स्पर्धा भरवते आणि कधीही व्यावसायिक न झालेल्या खेळाडूंनाच त्यात प्रवेश देते. पहिली स्पर्धा इटलीच्या व्हेनेतोने जिंकली, २०२३ची स्पेनच्या गॅलिशियाने. म्हणजे आठवडाभर दुकान किंवा वर्ग सांभाळणारा माणूस आपल्या प्रांतासाठी परदेशी संघाविरुद्ध खेळू शकतो. कोल्हापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं ते काही कोटींच्या करारांसाठी नव्हे.

आपण २०२३मध्ये संतोष ट्रॉफीचे शेवटचे सामने रियाधला नेले. कर्नाटकाने मेघालयाला ३-२ हरवून ५४ वर्षांनी ट्रॉफी मिळवली. १९६९ला बँकॉकमध्ये आशियाई क्लबांशी भिडलेल्या म्हैसूरचाच हा वारसदार. पण मैदान तेवढं परकं, समोर संघ आपलाच. ३१ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबादेत केरळला १-० नमवून बंगालने ही ट्रॉफी तेहतिसाव्यांदा जिंकली. या संघासाठी आशियाच्या कॅलेंडरमध्ये एकही सामना नव्हता.

रियाधचं भाडं परवडतं, तर संतोष ट्रॉफीचा विजेता ढाक्याला किंवा काठमांडूला पाठवणं परवडायलाच हवं. आशियाई महासंघाकडे प्रदेशांच्या हौशी स्पर्धेची मागणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने करावी आणि तिच्या पहिल्या यजमानपदासाठी कोलकात्याचं नाव पुढे करावं.