हात उगारणारा पुरुष बदलू शकतो का?

घरातील मारहाणीची कारणे सांगताना दारू, तापट स्वभाव आणि पैशांची ओढाताण यांपलीकडे सहसा कोणी जात नाही. परंतु पत्नीवर हात उगारणारा तापट पुरुष कचेरीत साहेबांवर हात उगारत नाही. राग कुठे आवरायचा आणि कुठे मोकळा सोडायचा, हे त्याला नेमके ठाऊक असते. अशा पुरुषांना बदलण्याचे गंभीर प्रयत्न या निरीक्षणापासून सुरू होतात.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील डुलुथ शहरात १९८१ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाने पोलीस, न्यायालये आणि महिला आश्रयगृहे यांना एका सूत्रात बांधले. मार सोसलेल्या स्त्रियांच्या अनुभवकथनातून १९८४ मध्ये तेथे ‘सत्ता आणि नियंत्रणाचे चक्र’ तयार झाले. धमकावणे, पैसे हाती न देणे, माहेर व मैत्रिणींपासून तोडणे, मुलांचा धाक घालणे, घडल्याचा दोष तिच्यावरच ढकलणे हे त्या चक्राचे आरे. शारीरिक आणि लैंगिक हिंसा ही त्यांना आवळून धरणारी धाव. म्हणजेच थप्पड हा क्षणाचा तोल जाणे नसून वचक टिकवण्याचे साधन ठरते.

त्यामुळे या पद्धतीच्या गटसत्रांत पुरुषाला केवळ राग गिळायला शिकवले जात नाही. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून’ हे वाक्य तेथे चालत नाही. आपण काय केले, त्यातून काय मिळवायचे होते आणि त्याचा तिच्यावर व मुलांवर काय परिणाम झाला, हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. या कार्यक्रमांच्या यशाबाबत संशोधकांत मतभेद आहेत आणि सत्रांना बसलेला प्रत्येक जण बदलतोच असे नाही. म्हणूनच स्त्रीची सुरक्षितता आधी आणि पुरुषाची सुधारणा नंतर, हा क्रम मोडता येत नाही.

आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा. त्याच्या कलम १४ नुसार दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. २००६ च्या नियमांनुसार समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचे समर्थन करता येत नाही आणि पुन्हा तसे वर्तन न करण्याची हमी द्यावी लागते. प्रत्यक्षात मात्र समुपदेशन म्हणजे ‘समजूत घालून नांदायला पाठवणे’ हा समज खोलवर रुजलेला आहे. समेट आणि सुधारणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला दोघांची सही पुरते, दुसरीला त्याचे रोजचे वागणे लागते.

हात उगारण्यापूर्वीच पुरुषांशी बोलावे, या विचाराचे काम मुंबईत १९९३ पासून ‘मावा’ ही पुरुषांचीच संस्था करीत आहे. महाविद्यालयीन तरुणांमध्ये ती ‘युवा मैत्री’ उपक्रम चालवते, कारण ‘बाईला धाकात ठेवावे’ हा धडा मुलगा लग्नाच्या कितीतरी आधी गिरवतो.

बदल खरा की दिखाऊ, हे कसे ओळखावे? अश्रू, भेटवस्तू आणि देवापुढच्या शपथा हा पुरावा नव्हे. तो सबब न सांगता चूक मान्य करतो का, तिचा नकार ऐकून घेतो का, तिने वेगळे राहायचे ठरवले तरी शांत राहतो का, हे पाहावे. या परीक्षेचा निकाल तो स्वतः देऊ शकत नाही, समुपदेशकही एकटा देऊ शकत नाही. घरात वावरताना तिची भीती खरोखर गेली का, हे तीच सांगू शकते. तोवर संरक्षण अधिकारी आणि १८१ ही महिला मदतवाहिनी, हे दोन्ही मार्ग तिच्यासाठी खुले असलेच पाहिजेत.