देणगीला मोकळे रान, खर्चाला कुंपण

पनवेल, प्रतिनिधी – पनवेलच्या मतदाराने वीस महिन्यांत तीन वेळा बोटाला शाई लावून घेतली. १३ मे २०२४ रोजी मावळ लोकसभेसाठी, २० नोव्हेंबर २०२४ रोजी पनवेल विधानसभेसाठी आणि १५ जानेवारी २०२६ रोजी महापालिकेसाठी. तिन्ही वेळा उमेदवाराच्या खर्चाची कमाल मर्यादा वेगवेगळी होती. लोकसभेला ती ९५ लाख रुपये, विधानसभेला ४० लाख रुपये आणि पनवेल महापालिकेला ९ लाख रुपये होती. मात्र एखाद्या धनवंताने आपल्या पसंतीच्या पक्षाला किंवा उमेदवाराला किती रक्कम द्यावी, याला तिन्ही वेळा कोणतीही कमाल मर्यादा नव्हती. 'याने निवडणुकीत किती ओतले?' हा प्रश्न प्रत्येक निकालानंतर चर्चेत येतो. 'ओतणाऱ्याला कोणी किती दिले?' हा त्याच्या आधीचा प्रश्न मात्र सहसा विचारलाच जात नाही. निवडणुकीतील पैशावरचे नियंत्रण नेमके येथेच सैल पडते.

अमेरिकेच्या नेमके उलट

अमेरिकेत व्यक्तीच्या देणगीवर कायद्याने मर्यादा आहे. २०२५-२६ या निवडणूक चक्रात तेथील नागरिकाला संसदेच्या एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ३,५०० डॉलर देता येतात. उमेदवाराने किती खर्च करावा, याला मात्र तेथे बंधन नाही. 'बकले विरुद्ध व्हॅलिओ' या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये देणगीवरील मर्यादा वैध ठरवली आणि खर्चावरील मर्यादा रद्द केली. फ्रान्सने दोन्ही बाजू बांधल्या आहेत. तेथे एका निवडणुकीत एका व्यक्तीला उमेदवारांना मिळून ४,६०० युरोपर्यंतच देणगी देता येते आणि उमेदवाराच्या खर्चालाही कमाल मर्यादा आहे.

भारताने अमेरिकेच्या उलट मार्ग धरला. येथे उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, व्यक्तीच्या देणगीला नाही. तलावाच्या सांडव्यावर पहारा बसवावा आणि पाणी येणारे ओढे मोकळे सोडावेत, तसा हा प्रकार आहे.

देणगीदारावर बंधने कोणती?

देणगीदार पूर्णपणे मोकळा आहे, असे मात्र नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार पक्षांना व्यक्ती आणि खासगी कंपन्यांकडून देणग्या घेता येतात. सरकारी कंपन्यांकडून आणि परकीय स्रोतांकडून घेता येत नाहीत. वर्षभरात २० हजार रुपयांहून अधिक देणाऱ्याचे नाव पक्षाला निवडणूक आयोगाला कळवावे लागते. पक्षाला प्राप्तिकरातील सवलत टिकवायची असेल, तर २ हजार रुपयांहून अधिक देणगी रोखीने घेता येत नाही. उमेदवारालाही एका व्यक्तीकडून १० हजार रुपयांहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. त्यापुढची रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फतच घ्यावी लागते.

ही सारी बंधने रोखीवर आणि गोपनीयतेवर आहेत, रकमेवर नाहीत. धनादेशाने दिलेली देणगी एक लाखाची असो वा दहा कोटींची, कायद्याला दोन्ही सारख्याच मान्य. उलट, रोखीखेरीज अन्य मार्गाने पक्षाला दिलेल्या रकमेवर व्यक्तीला प्राप्तिकरात वजावटही मिळू शकते.

रकमेची मर्यादा होती ती कंपन्यांना. मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच त्यांना देणगी देता येत असे. २०१७ मध्ये ही मर्यादा काढून टाकण्यात आली आणि २०१८ पासून देणगीदाराचे नाव झाकणारे निवडणूक रोखे विक्रीस आले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रोख्यांची योजना आणि कंपन्यांना दिलेली ही अमर्याद मोकळीक घटनाबाह्य ठरवली. तोवर सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. या निकालाने देणगीदाराचे नाव उघड झाले; व्यक्तीच्या देणगीची कमाल रक्कम मात्र त्यानंतरही ठरलेली नाही.

मतदारामागे सहा रुपये

आता खर्चाची बाजू पाहू. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पनवेल मतदारसंघात साडेसहा लाखांच्या आसपास मतदार होते. राज्यातील सर्वांत मोठ्या मतदारसंघांत त्याची गणना होते. खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल अशा वसाहती वाढत गेल्या, तशी मतदारयादीही फुगत गेली. उमेदवाराची मर्यादा मात्र मतदारसंख्येनुसार बदलत नाही. ४० लाख रुपये साडेसहा लाख मतदारांत वाटले, तर एका मतदारामागे जेमतेम सहा रुपये येतात. त्यात पत्रके, फलक, वाहने, मंडप, ध्वनिक्षेपक, कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता आणि समाजमाध्यमांवरील जाहिराती असे सर्व बसवावे लागते.

प्रत्यक्षात ते बसते, याचे एक कारण कायद्यातच आहे. मर्यादा आहे ती उमेदवाराला, पक्षाला नाही. ऑक्टोबर १९७४ मध्ये 'कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरला आणि चावला यांची दिल्लीतील निवड रद्द केली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने अध्यादेश काढून हा खर्च मर्यादेबाहेर ठेवला. ही पळवाट २००३ मध्ये बरीच अरुंद करण्यात आली. तरीही स्टार प्रचारकांचा प्रवास आणि कोणत्याही उमेदवाराचे नाव न घेता पक्षाने केलेला सर्वसाधारण प्रचार आजही उमेदवाराच्या हिशेबात येत नाही. अमर्याद देणगी पक्षाकडे जाते आणि पक्षाच्या खर्चालाही मर्यादा नाही. ४० लाखांचे कुंपण वळसा घालून ओलांडता येते ते असे.

हिशेबावर नजर कशी ठेवतात?

लोकसभा आणि विधानसभेसाठी उमेदवाराला अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. रोजचा खर्च लिहिण्यासाठी त्याला तीन रंगांच्या पानांची नोंदवही मिळते. पांढऱ्या पानांवर दैनंदिन खर्च, गुलाबी पानांवर रोख आणि पिवळ्या पानांवर बँकेचे व्यवहार लिहायचे असतात. प्रचाराच्या काळात ही नोंदवही किमान तीन वेळा तपासणीसाठी आणावी लागते.

दुसऱ्या बाजूला प्रशासनही स्वतःची समांतर नोंद ठेवते. तिला छाया निरीक्षण नोंदवही म्हणतात. व्हिडिओ पथक सभेचे चित्रीकरण करते. खुर्च्या, कमानी, वाहने मोजली जातात आणि जिल्ह्याच्या दरपत्रकानुसार त्यांची किंमत लावली जाते. उमेदवाराने कमी दाखवलेल्या खर्चाबाबत त्याला नोटीस दिली जाते. मावळ लोकसभेसारख्या मतदारसंघात हे काम आणखी किचकट होते. त्यातील पनवेल, कर्जत आणि उरण हे विभाग रायगड जिल्ह्यात, तर मावळ, चिंचवड आणि पिंपरी पुणे जिल्ह्यात येतात. एकाच उमेदवाराचा खर्च दोन जिल्ह्यांतून गोळा करावा लागतो.

रस्त्यावर भरारी पथके आणि स्थिर सर्वेक्षण पथके असतात. मुंबई-पुणे मार्गावरून ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि लग्नघरच्या मंडळींना त्यांचा अनुभव येतो. ५० हजार रुपयांहून अधिक रोकड जवळ असेल, तर तिचा स्रोत सांगणारी कागदपत्रे सोबत बाळगणे हिताचे ठरते. रक्कम १० लाखांहून अधिक असल्यास प्राप्तिकर विभागाला कळवले जाते. निवडणुकीशी संबंध नसलेली रक्कम जप्त झाल्यास जिल्हास्तरीय तक्रार निवारण समितीकडे दाद मागता येते.

शिक्षा कोणाला होते?

निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराने खर्चाचा संपूर्ण हिशेब द्यायचा असतो. तो वेळेत किंवा योग्य पद्धतीने न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. महापालिकेच्या उमेदवारांनाही राज्य निवडणूक आयोगाकडून अशीच कारवाई होऊ शकते. लोकसभा-विधानसभेत मर्यादा ओलांडणे हे 'भ्रष्ट आचरण' ठरते आणि त्यावरून निवड रद्द होऊ शकते. पण त्यासाठी निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते.

अनुभव काय सांगतो? आयोगाच्या अपात्रांच्या याद्यांत प्रामुख्याने हिशेबच न दिलेल्यांची नावे असतात आणि त्यांत अपक्षांचा भरणा मोठा असतो. हिशेब नीट लिहून देणारा मोठा उमेदवार क्वचितच अडचणीत येतो. दिवंगत नेते गोपीनाथ मुंडे यांनी जून २०१३ मध्ये मुंबईतील जाहीर कार्यक्रमात २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला आठ कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले. तेव्हा मर्यादा २५ लाखांची होती. आयोगाने नोटीस बजावली. खासदारकी मात्र कायम राहिली.

माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचे प्रकरण अधिक लांबले. २००९ मध्ये भोकर विधानसभा निवडणुकीच्या वेळी त्यांच्याविषयी वृत्तपत्रांत आलेला मजकूर 'पेड न्यूज' असून त्याचा खर्च हिशेबात दाखवला नाही, अशी तक्रार होती. हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी स्पष्ट केले. जुलैमध्ये आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध आदेश दिला. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तोवर त्या विधानसभेची मुदत संपत आली होती आणि चव्हाण लोकसभेवर निवडूनही गेले होते. अशाच तक्रारीत उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये अपात्र ठरवले. पण त्या २००७ मध्ये निवडून आल्या होत्या. कारवाई झाली तरी ती मुदत सरत आल्यावर होते.

शुभेच्छुकांचा फलकही हिशेबात

सामान्य समर्थकालाही लागू असलेला एक नियम फारसा कोणाला ठाऊक नसतो. उमेदवाराच्या लेखी परवानगीविना त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा असून त्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. सूट आहे ती फक्त १० रुपयांपर्यंतच्या खर्चाला, आणि तीही दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता मिळवली तरच. 'शुभेच्छुक' म्हणून चौकात फलक लावणाऱ्या समर्थकाला परवानगी असेल, तर तो खर्च उमेदवाराच्या खात्यात जातो. नसेल, तर समर्थक स्वतः कायद्याच्या कचाट्यात येतो. प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असणेही बंधनकारक आहे.

मतदारासाठी मार्ग खुले आहेत. लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेच्या काळात 'सी-व्हिजिल' ॲपवर छायाचित्रासह तक्रार करता येते. निकालानंतर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे कोणत्याही उमेदवाराचा हिशेब पाहता येतो. नियमानुसार त्याचे शुल्क आहे एक रुपया. मात्र त्या हिशेबात चौकातील कमानी आणि सभेतील खुर्च्या दिसतील. पक्षाला कोट्यवधी देणारा त्यात दिसणार नाही. त्याच्या देणगीला मर्यादा घालायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार संसदेचा आहे. आणि संसदेत बसणारे प्रत्येक पक्षाचे सदस्य त्याच देणग्यांवर चालणाऱ्या पक्षांतून निवडून आलेले असतात.